ठिणगी भलतीकडे का पडत नाही?

गाडीच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरडे हात लावले तर काही होत नाही. बारा व्होल्ट माणसाच्या कातडीला विचारतही नाहीत. पण त्याच बॅटरीवर चालणाऱ्या इंजिनात प्लगची एखादी वायर तडकलेली असेल आणि तिथे चुकून बोट लागलं, तर असा झटका बसतो की डोकं वर बॉनेटला आपटतं. मधल्या दोन-अडीच फुटांत बाराचे पंधरा-वीस हजार व्होल्ट झालेले असतात. आणि हे वीस हजार व्होल्ट करंगळीपेक्षा बारीक अशा रबरी वायरीतून, गरम, थरथरत्या, तेलकट लोखंडाला खेटून, मिनिटाला हजारदा ये-जा करत असतात.

प्लगमध्ये ठिणगी कशी पडते याचं कौतुक सगळेच करतात. मला जास्त नवल वाटतं ते ती दुसरीकडे कुठेच पडत नाही याचं. विजेला तुमच्या-आमच्या सोयीशी काही देणंघेणं नाही. तिला इंजिनाच्या धातूपर्यंत पोचायचं असतं, आणि सोपी वाट दिसली की ती अवघड वाटेला जात नाही. प्लग आणि त्याच्या वायरी म्हणजे तिच्या सगळ्या सोप्या वाटा बुजवून एकच अवघड वाट उघडी ठेवण्याचा खटाटोप. रविवारी सकाळी घरासमोर बॉनेट उघडून प्लग-वायरी बदलणं हे ट्यूनिंगमधलं अगदी बिगरीतलं काम मानतात. तासाभरात होतं, हात काळे होतात, झालं. पण त्या तासाभरात आपल्या हातातून काय काय जातं ते बघण्यासारखं आहे.

उदाहरणाला जुनी, कार्बुरेटरवाली मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती, आणि अनेकांनी बॉनेटखाली पहिल्यांदा हात घातला तो हिच्याच. ७९६ सीसीचं इंजिन, तीन सिलिंडर, तीन प्लग आणि वायरी चार. तीन वायरी डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या भागाच्या, टोपीतून तीन प्लगांकडे जातात, चौथी कॉइलमधून त्या टोपीच्या मध्यभागी येते. अशा गाडीत विजेची सगळी वाट डोळ्यांना दिसते, हा तिचा मोठा गुण. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं.

तर बाराचे वीस हजार होतात ते कॉइलमध्ये. आत लोखंडाच्या गाभ्याभोवती दोन तारा गुंडाळलेल्या असतात. एक जाड, काहीशे वेढ्यांची. दुसरी केसासारखी बारीक, वीस-पंचवीस हजार वेढ्यांची. शाळेत शिकलेलं गणित लावलं तर वेढे शंभरपट, म्हणून व्होल्टही शंभरपट, म्हणजे बाराचे बाराशे. बाराशेत काही भागत नाही. मग बाकीचे येतात कुठून? यातली मेख अशी की ठिणगी करंट सुरू केल्यावर पडत नाही, तो तोडल्यावर पडते. जाड तारेतून करंट वाहत असताना गाभ्यात चुंबकत्व साठतं. तो करंट एकदम तोडला की चुंबकत्व कोसळतं, आणि भरधाव एसटीला करकचून ब्रेक लागल्यावर उभे प्रवासी जसे पुढे फेकले जातात तसा त्या जाड तारेतच क्षणभर दोन-अडीचशे व्होल्टचा हिसका बसतो. त्याचे शंभरपट म्हणजे वीस-पंचवीस हजार. करंट तोडण्याचं काम पूर्वी काँटॅक्ट पॉइंट करायचे, पुढे ट्रान्झिस्टर करू लागला. बदलत्या चुंबकत्वातून वीज निघते हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलं. तोवर मोटारगाडी जन्मायला पन्नासहून अधिक वर्षं बाकी होती.

मोटारगाडी आली तेव्हाही पेटवण्याचा प्रश्न सुटलेला नव्हताच. १८६० मध्ये एतिएन लेन्वार यांनी आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती, पण ती बेभरवशाची. गॉटलिब डाइमलर यांनी तर आपल्या पहिल्या इंजिनांत चक्क बर्नरवर लालबुंद केलेली नळी खुपसली होती. पेट्रोलच्या शेजारी उघडी ज्योत घेऊन माणसं रस्त्यावर हिंडत होती! १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा प्लग तयार केला, तेव्हा कुठे भरवशाची ठिणगी मिळाली. आज दुकानात मिळणारा प्लग बघून होनोल्ड यांना तो लगेच ओळखता येईल. मोटारीचे फार थोडे भाग एवढे कमी बदलले असतील.

आता फट. प्लगच्या टोकाशी मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यावर वाकलेली पट्टी यांच्यात मारुतीत साधारण पाऊण मिलिमीटरची मोकळी जागा असते. तिच्यात हवा-पेट्रोलचं मिश्रण असतं, आणि हवा वीज वाहू देत नाही. मग ठिणगी पडते कशी? त्या जागेत एखाददुसरा सुटा इलेक्ट्रॉन कायम भटकत असतो. आकाशातून येणारे वैश्विक किरण, जमिनीतला किरणोत्सर्ग, असल्या कशाने तरी कुठल्या तरी रेणूतून निसटलेला. व्होल्टेज चढलं की तो इलेक्ट्रॉन धावतो, रेणूवर आपटतो, दुसरा सुटतो. दोनाचे चार, चाराचे आठ, आणि सेकंदाच्या काही कोट्यांशात सबंध फट वाहक होऊन जाते. त्या पहिल्या क्षणी ठिणगीच्या वाटेतल्या वायूचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या काही पट असतं. सूर्याचं साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे. ऊर्जा मात्र अगदी किरकोळ, तीस-चाळीस मिलिजूल. आदर्श मिश्रण पेटायला तिचा शंभरावा भागही पुरतो. बाकीची उधळपट्टी करायची ती मिश्रण क्वचितच आदर्श असतं म्हणून.

त्या पहिल्या इलेक्ट्रॉनची वाट कशाला बघायची, असं अमेरिकेतल्या फायरस्टोन कंपनीला वाटलं. १९४० च्या दशकात तिने इलेक्ट्रोडमध्ये पोलोनियम घातलेले प्लग विकले. किरणोत्सर्गी पोलोनियम फटीतली हवा आधीच वाहक करून ठेवील, गाडी चटकन सुरू होईल, ही कल्पना. पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य १३८ दिवसांचं, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात त्याचा जोर ओसरणार. शिवाय इलेक्ट्रोडवर काजळी बसली की तिच्यातून किरण बाहेर पडणार तरी किती? विज्ञानाच्या नावाखाली ग्राहकाच्या खिशाला हात घालण्याची ही तऱ्हा आजही जुनी झालेली नाही.

पण खरी गंमत फटीतल्या हवेच्या दाटीत आहे. हवेतून वीज उडायला किती व्होल्ट लागतील हे अंतरावर अवलंबून असतं, तसंच हवा किती दाट आहे यावरही. फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये हा नियम मांडला. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर उडी मारायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. पिस्टनने दाबून पाच-सहापट दाट केलेल्या मिश्रणात तेवढीच उडी पाच-सहापट महाग पडते. म्हणजे सिलिंडरच्या आतली पाऊण मिलिमीटरची फट विजेच्या हिशेबात बाहेरच्या चार-पाच मिलिमीटर मोकळ्या हवेएवढी झाली. याचा उलटा अर्थ असा की इंजिनाच्या बाहेर, वायरीपासून धातूपर्यंत, चार-पाच मिलिमीटरपेक्षा कमी हवेची कुठलीही वाट मिळाली, तर वीज आत जाणारच नाही. तिला बाहेरच सोपं पडतं. आपण तिला ज्या ठिकाणी उडी मारायला सांगतो, ती सबंध वाटेवरची सगळ्यांत कठीण जागा आहे.

गॅरेजमध्ये रोज ऐकू येणाऱ्या एका तक्रारीचा उलगडा इथेच होतो. “सिग्नलला एकदम मस्त चालते हो, पण खंबाटकी घाट चढायला लागली की मिसिंग मारते.” मिस्त्री मान डोलावतो आणि सरळ प्लग-वायरींना हात घालतो. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. सिलिंडरमध्ये हवा थोडीच जाते, दाबली तरी विरळच राहते, आणि कमी व्होल्टवर ठिणगी पडते. घाटात पाय पूर्ण दाबला की सिलिंडर गच्च भरतो, फटीतली हवा दाट होते आणि लागणारं व्होल्टेज दुपटीच्या पुढे चढतं. सिग्नलला जी वायर चांगली वाटत होती तिच्या बारीक चिरेतून आता वीज बाहेर उडी मारते. वायर तीच, चीरही कालचीच.

आता नवा प्लग हातात घेऊन नीट बघा. पांढऱ्या भागाला आपण चिनीमाती म्हणतो, पण ती कपबशीची माती नव्हे. ते जवळजवळ शुद्ध ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. हाच पदार्थ निसर्गात स्फटिक होऊन क्रोमियमच्या अंशाने लाल झाला की त्याला माणिक म्हणतात, लोह आणि टायटॅनियमच्या अंशाने निळा झाला की नीलम. ॲल्युमिना बॉक्साइटपासून काढतात, आणि ते कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवरही निघतं. माणकाच्या जातीचा हा पदार्थ वीज अडवतो, आतल्या स्फोटांचा मार सोसतो, आणि चिनीमातीपेक्षा कितीतरी चांगली उष्णता बाहेर वाहून नेतो. हे तिन्ही गुण एकत्र असलेलं, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूत घालण्याइतकं स्वस्त असं दुसरं काही मिळणं कठीण आहे. त्याच्या वरच्या भागावर चार-पाच कंगोरे असतात, ते शोभेचे नाहीत. वरच्या टोकापासून खालच्या षटकोनी धातूपर्यंत वीज पृष्ठभागावरून सरपटत यायला बघते. कंगोऱ्यांमुळे प्लगची उंची तीच राहून तिची वाट लांबते. विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरला थर असतात तेही याचसाठी.

वायरीची गंमत वेगळी. जुनी वायर सोलून बघितली तर आत तांबं सापडत नाही. गाभा असतो कार्बन मुरवलेल्या धाग्यांचा. फूटभर लांबीला काही हजार ओहम रोध. वीज न्यायची आणि मुद्दाम वाईट वाहक वापरायचा? याचं कारण रेडिओत आहे. हाइनरिख हर्ट्झ यांनी पहिल्या रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच, आणि १८९० च्या दशकात कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली तीही ठिणगीतून निघालेल्या लहरींनी. म्हणजे प्रत्येक प्लग हे एक छोटं रेडिओ केंद्र आहे, आणि तांब्याची वायर त्याची उत्तम एरियल. गावात पहिला टीव्ही आला त्या काळात दारावरून स्कूटर गेली की पडद्यावर मुंग्या नाचायच्या, त्या याच. वायरीतला कार्बन आणि प्लगच्या पोटातला साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर ठिणगीला धक्का न लावता हा गोंगाट दाबतात. आजच्या गाडीत तो दाबला नाही तर रेडिओ खरखरेल, आणि इंजिनाचा कंप्युटरही गोंधळेल.

मग पावसाळा येतो. वायरीवर वर्षभराची धूळ आणि तेलाचा मेणचट थर असतो. कोकणात वर खारी हवा. कोरडा असताना हा थर निरुपद्रवी, ओला झाला की वाहक. त्यातच रबराला बारीक चिरा पडलेल्या असतात. रात्री, अगदी मिट्ट काळोखात, इंजिन चालू ठेवून जुन्या वायरींवर स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारा. दुरूनच, हात, बाही, ओढणी फिरत्या पट्ट्यापासून आणि वायरींपासून लांब ठेवून. वायरी खराब असतील तर त्यांच्या अंगावर निळसर-जांभळी झाक दिसते. मधूनच एखादी बारीक रेघ टिक् टिक् करत इंजिनावर उडते. वीज कडाडून गेल्यावर येतो तसला तिखट वास येतो, तो ओझोनचा. आणि हाच ओझोन रबराला खातो. म्हणजे जिथे वीज गळते तिथे ओझोन तयार होतो, ओझोनने चीर मोठी होते, चीर मोठी झाली की आणखी गळती. म्हणून चांगल्या वायरींवर नैसर्गिक रबराऐवजी सिलिकॉनचं किंवा ओझोनला न जुमानणाऱ्या कृत्रिम रबराचं आवरण असतं. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी मात्र चालू इंजिनाच्या या भागापासून लांबच राहावं.

प्रत्यक्ष काम इंजिन थंड असताना करायचं. बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि गरम ॲल्युमिनियमच्या आट्यांतून प्लग काढताना आटे सोलवटून निघण्याची भीती असते. एक पथ्य न चुकता पाळायचं: एका वेळी एकच वायर काढायची, तिच्या लांबीची नवी लावायची, मगच दुसरीला हात लावायचा. मारुतीचा पेटण्याचा क्रम १-३-२. तीनच सिलिंडर म्हणजे क्रम दोनच शक्य, हा किंवा याच्या उलटा. पण दोन वायरींची अदलाबदलही गाडीने कार्बुरेटरमधून फटाके फोडायला पुरेशी असते. वायर ओढायची नाही. रबरी टोपी धरून आधी अर्धा पीळ द्यायचा, मग खेचायची. वायरीला धरून ओढलं की आतला कार्बनचा धागा टोकापासून तुटतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. वायर शंकास्पद वाटली तर मल्टिमीटर लावून रोध मोजावा. हजारांत आला तर ठीक, काहीच दाखवत नसेल तर ती गेली. काही मेकॅनिक चालू इंजिनात एकेक वायर उपटून कुठला सिलिंडर काम करत नाही ते बघतात. ते करू नये. झटक्याचं सोडाच, पण वाट न मिळालेली वीज कॉइलच्या पोटातलंच आवरण फोडते.

प्लग सैल करायच्या आधी त्याच्या खळग्यातली धूळ-वाळू फुंकून काढायची. नाहीतर प्लग निघाल्यावर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लगपाना सरळ धरायचा. तिरका झाला की पांढऱ्या भागाला तडा जातो, आणि तो तडा इतका बारीक असू शकतो की डोळ्यांना दिसत नाही, विजेला मात्र दिसतो.

आणि मग या कामातला माझ्या मते सगळ्यांत सुरस भाग. निघालेले तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर ओळीने, सिलिंडरच्या क्रमाने ठेवा. सिलिंडरच्या आत राहून बाहेर आलेले हे तीन साक्षीदार आहेत. इलेक्ट्रोडभोवतीचं पांढरं नाक फिकट तपकिरी किंवा राखाडी झालं असेल तर सगळं आलबेल. कोरडी मखमली काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय, किंवा चोक अडकून राहतोय. काळं पण ओलसर, तेलकट असेल तर खालून पिस्टनच्या रिंगांमधून नाहीतर वरून व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल येतंय, आणि प्लग बदलून ते थांबणार नाही. नाक पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर सिलिंडर जास्त तापतोय. तिघांपैकी एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता. तिन्ही सारखेच काळे असतील तर कार्बुरेटरकडे बघायचं. पांढऱ्या भागावर, धातूच्या अगदी लगत, कधी कधी एक तपकिरी वलय दिसतं. आतला वायू तिथून गळतोय असं बऱ्याच जणांना वाटतं आणि चांगला प्लग टाकून दिला जातो. प्रत्यक्षात तिथल्या विजेच्या ताणामुळे हवेतले तेलाचे कण ओढले जाऊन चिकटलेले असतात. ते वलय बिनधास्त सोडून द्यावं.

काजळीचा दोष कळायला पुन्हा सोप्या वाटेचाच विचार करावा लागतो. कार्बन वाहक आहे. नाकावर काजळीचा थर जमला की विजेला फटीवरून उडी मारायची गरजच उरत नाही; ती थरावरून सरपटत धातूला मिळते. ठिणगी नाही. चेतकसारख्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, त्यामुळे हे दुखणं नेहमीचं. म्हणून डिकीत प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच, आणि ऑफिसला निघालेला माणूस रस्त्याच्या कडेला प्लग घासताना दिसायचाच.

काजळी जळून जायची तर नाकाचं टोक निदान साडेचारशे-पाचशे अंशांवर राहायला हवं. पण साडेआठशे-नऊशेच्या पुढे गेलं तर ते तापलेलं टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवून देतं, आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. या दोन मर्यादांमध्ये राहायचं म्हणजे नाक किती लांब ठेवायचं हा प्रश्न. लांब नाक उष्णता हळू सोडतं, तो ‘गरम’ प्लग. आखूड नाकाचा ‘थंड’. प्लगवर छापलेला आकडा हेच सांगतो, पण यात मोठी फसगत आहे: एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनच्या आकडा वाढला की गरम. दुकानदार “हाच बसतो” म्हणाला तरी गाडीच्या पुस्तकातला नंबर जुळवून घ्यावा. आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असं होत नाही.

जुना प्लग फेकण्यापूर्वी फिलर गेजने त्याची फट मोजा. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचे काही अणू उडवून नेते. ताशी साठच्या वेगाला इंजिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे मारतं असं धरलं, तर फोर-स्ट्रोक इंजिनात प्लग दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. वीस हजार किलोमीटरमध्ये एका प्लगच्या अडीच-तीन कोटी ठिणग्या होतात. त्यात साध्या निकेलच्या प्लगची फट दर हजार किलोमीटरला सुमारे एक शतांश मिलिमीटर वाढते. वीस हजारांनंतर पाऊण मिलिमीटरची एक मिलिमीटरच्या घरात आलेली असते, आणि इलेक्ट्रोडच्या धारदार कडा गोल झालेल्या असतात. वीज धारेवरून सहज सुटते, गोल कडेवरून सुटायला कुरकुरते. दोन्ही मिळून ठिणगीला लागणारं व्होल्टेज काही हजारांनी चढतं. आणि हे जादा व्होल्टेज नुसतं प्लगमध्ये नसतं, ते सबंध वायरीवर, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर, कॉइलवर ताण देत असतं. झिजलेला प्लग अशा रीतीने चांगली वायर मारतो. म्हणून प्लग दोनदा-तीनदा बदलून वायरी जुन्याच ठेवणं, किंवा नव्या वायरी घालून प्लग जुने ठेवणं, ही काटकसर मला कधी पटलेली नाही.

नवा प्लग पाना न लावता नुसत्या बोटांनी आत फिरवायचा. हात पोचत नसेल तर रबरी नळीचा तुकडा त्याच्या डोक्यावर चढवून नळी फिरवावी. आटे वाकडे लागले तर नळी नुसती घसरते, प्लग जबरदस्तीने आत जात नाही. पूर्ण टेकला की वॉशर असलेल्या नव्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. टॉर्कपाना असेल तर १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण पंचवीस न्यूटन-मीटर. घट्ट बसवण्याचा हेतू गळती थांबवणं एवढाच नसतो. प्लगची बरीचशी उष्णता याच आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते. सैल प्लग तापतो. आट्यांना ग्रीस फासण्याची हौस बऱ्याच जणांना असते, पण मुलामा दिलेल्या आट्यांवर ते नको. ग्रीसने घर्षण कमी होतं आणि त्याच जोराने प्लग नको तेवढा आवळला जातो. रबरी टोपीच्या आत मात्र थोडं सिलिकॉन ग्रीस लावावं, म्हणजे ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी प्लगला चिकटून फाटत नाही.

वायरी लावल्यावर त्यांना जागेवर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा हमखास बाजूला पडून राहतात. त्या परत लावाव्यात. दोन वायरी एकमेकींना समांतर, चिकटून गेल्या तर एकीतला झटका दुसरीत उमटतो. शेव्हर्लेच्या जुन्या व्ही-आठ इंजिनात पाचवा आणि सातवा सिलिंडर शेजारी आहेत आणि पेटतातही पाठोपाठ. अमेरिकेत घरी गाडी दुरुस्त करणारे त्या दोन वायरी आवर्जून लांब ठेवतात, नाहीतर पाचव्याच्या ठिणगीबरोबर सातवा भलत्या वेळी पेटतो.

निकेलऐवजी इरिडियमचे प्लग घ्यावेत का, असं हल्ली सगळे विचारतात. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला, इरिडियम जवळजवळ २,४५० ला. त्यामुळे त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरएवढं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून वीज कमी व्होल्टवर सुटते. तेही झिजतं, पण फार सावकाश. इरिडियम पृथ्वीच्या कवचात अतिशय विरळ आणि अशनींमध्ये त्यामानाने बरंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या थरात ते अचानक भरपूर सापडलं, त्यावरून १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनासोरांचा नाश अशनीच्या धडकेने झाला असं मांडलं. त्याला टक्कर देणारा सिद्धांत ज्वालामुखीच्या उद्रेकांचा, आणि ते उद्रेक म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. घाट चढताना गाडी दोन्ही पक्षांचा पुरावा बरोबर घेऊन चाललेली असते म्हणायचं! जुन्या मारुतीला मात्र साधे निकेलचे प्लग पुरतात. इरिडियमची किंमत वसूल व्हायला त्या गाडीनं आणखी बरीच वर्षं धावायला हवं.

प्लगची मांडणीही बदलत गेली. पुण्याच्या बजाजने २००३ मध्ये पल्सर मोटरसायकलच्या एकाच सिलिंडरला दोन प्लग दिले. ज्वाला दोन्हीकडून निघाली की मिश्रण लवकर जळून होतं. मोटारींमध्ये मात्र वायरीच गेल्या. प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच छोटी कॉइल बसते, म्हणजे वीस हजार व्होल्टना प्रवास उरला इंच-दोन इंचांचा. तरी कॉइलखालची रबरी नळी फाटतेच, प्लगच्या विहिरीत तेल उतरतंच, आणि वीज नळीच्या भिंतीतून हेडकडे निसटतेच. अशा गाडीत प्लग बदलायचा तर कॉइलचा दहाचा बोल्ट काढायचा आणि नळीच्या आत काळी वेडीवाकडी रेघ उमटलीय का ते टॉर्चने बघायचं.

स्वीडनच्या साब कंपनीने १९९० च्या दशकात याच्याही पुढे जाऊन प्लगला दुसरं काम लावलं. ठिणगी पडून गेल्यावर जळत्या वायूत विद्युतभारित कण असतात. त्या क्षणी फटीवर थोडंसं व्होल्टेज ठेवलं तर त्यातून अगदी सूक्ष्म करंट वाहतो. तो मोजला की मिश्रण पेटलं की नाही, नीट जळलं की ठोका देत जळलं, हे त्या सिलिंडरपुरतं कळतं. असल्या गाडीत भलत्याच नंबरचा स्वस्त प्लग बसवला तर ठिणगी व्यवस्थित पडू शकते, इंजिनही चालू शकतं. कंप्युटरला मात्र आतलं नीट ऐकू येत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून राहतो.